पेट्या चौदा, यंत्र एक

युरोपात सुट्या भागांत जाणाऱ्या मोठ्या यंत्रांबद्दल आलेल्या पत्रांतील चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा हायड्रॉलिक प्रेस आमच्या शॉपमध्ये पूर्ण जोडून चालवला जातो. मग सुटा करून चौदा पेट्यांत जातो आणि आमचेच फिटर तिथे पुन्हा उभा करतात. ग्राहकाचे म्हणणे, माल सुटा येतो म्हणजे ते 'अपूर्ण यंत्र', त्यामुळे 'डिक्लरेशन ऑफ इन्कॉर्पोरेशन' (अपूर्ण यंत्रासोबत द्यायचे घोषणापत्र) दिले की झाले. हे बरोबर आहे का?

नाही. प्रवासासाठी नटबोल्ट सोडवले म्हणून यंत्र अपूर्ण होत नाही. मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२/ईसी या युरोपीय यंत्र-सुरक्षा नियमामधले अपूर्ण यंत्र म्हणजे जे स्वतःच्या बळावर कोणतेही ठरावीक काम करू शकत नाही ते. नुसती ड्राइव्ह सिस्टीम किंवा ग्रिपर न बसवलेला रोबो ही त्याची उदाहरणे. तुमच्या चौदा पेट्यांतला माल जोडला की काम देणारा प्रेस उभा राहतो ना? मग ते पूर्ण यंत्र आहे. फक्त वीजजोडणी किंवा साइटवर जोडण्याचे सुटे भाग बाकी असले तरीही पूर्णच. म्हणजे रिस्क असेसमेंट, टेक्निकल फाइल, 'डिक्लरेशन ऑफ कन्फॉर्मिटी' (यंत्र नियमांप्रमाणे असल्याचे घोषणापत्र) आणि ते दाखवणारी सीई खूण हे सगळे तुमच्याकडे.

इन्कॉर्पोरेशनचा कागद छोटा असतो, म्हणून विक्री विभागाला तो आवडतो. पण तो दिला की यंत्राची अंतिम जबाबदारी ग्राहकावर जाते, आणि बऱ्याचदा ग्राहकाला त्याचा पत्ताच नसतो. अपघात झाल्यावर हा घोळ निस्तरणे दोघांनाही जड जाते.

युरोपबाहेरच्या उत्पादकांकडून डिक्लरेशनमध्ये एक ओळ हमखास राहते : टेक्निकल फाइल संकलित करण्याचा अधिकार दिलेल्या, युरोपीय संघात राहणाऱ्या व्यक्तीचे किंवा तिथल्या संस्थेचे नाव आणि पत्ता. फाइल १० वर्षे जपावी लागते. शिवाय २० जानेवारी २०२७ पासून या डायरेक्टिव्हच्या जागी रेग्युलेशन (ईयू) २०२३/१२३० लागू होत आहे. यंत्र युरोपीय बाजारात कधी आले ते त्यात पाहतात, ऑर्डर कधी मिळाली ते नाही. लांब मुदतीची कामे आजच त्या हिशेबाने तपासून घ्या.

प्रश्न : शॉपमध्ये सगळ्या चाचण्या झालेल्या असतात. साइटवर जोडल्यावर नेमके काय पुन्हा तपासायचे? ग्राहक घाई करतो आणि आमचे लोक 'शॉपमध्ये चालला होता' म्हणून स्टार्ट देतात.

सुटे करताना ज्या जोडण्या तुटल्या, त्यांच्यावर अवलंबून असलेले सगळे. डिस्पॅचच्या आधी सुटलेल्या प्रत्येक जोडणीची यादी करा. तीच साइटची तपासणी-यादी.

आधी अर्थिंग. ईएन ६०२०४-१ या यंत्रांच्या विद्युत सुरक्षेच्या मानकामध्ये अर्थिंगची चाचणी यंत्र सुटे होऊन गेले की नाही यावर ठरते. सांगाड्याचे दोन भाग बोल्टने जुळतात, तिथे शॉपमध्ये दातेरी वॉशरने रंग फोडून चांगला संपर्क धरलेला असतो. प्रवासात ओरखडे पडतात, साइटवर कोणीतरी टचअपचा रंग मारतो, नवा साधा वॉशर घालतो, आणि संपर्क गेला. ०.२ ते १० अँपिअरच्या दरम्यानचा प्रवाह सोडून मोजा. चाचणीचा स्रोत विनाभार २४ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. मग इन्सुलेशन : ५०० व्होल्ट डीसीला किमान १ मेगाओहम. त्याआधी ड्राइव्ह, पीएलसी (यंत्र चालवणारा नियंत्रक) आणि सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारा भाग) सोडवा, नाहीतर चाचणीच त्यांना मारेल. समुद्रप्रवासात पॅनेलमध्ये पाणी धरते. आकडा कमी आला तर आधी हीटर लावून सुकवा आणि मग पुन्हा मोजा.

दुसरे, थांबण्याचा वेळ. हे सर्वांत जास्त सुटते. लाइट कर्टन म्हणजे हात आत आला की यंत्र थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा. त्याचे धोक्याच्या जागेपासूनचे अंतर ईएन आयएसओ १३८५५ या मानकाच्या २०१० च्या आवृत्तीतल्या सूत्राने काढतात : हात पुढे येण्याचा वेग गुणिले एकूण थांबण्याचा वेळ, अधिक ८ × (रिझोल्यूशन − १४). रिझोल्यूशन म्हणजे कर्टनला ओळखता येणारी सर्वांत लहान वस्तू. समजा रिझोल्यूशन ३० मिमी आणि एकूण वेळ ०.३० सेकंद. वेग २००० मिमी प्रति सेकंद धरला तर ६०० + १२८ = ७२८ मिमी. हे ५०० च्या वर गेले, म्हणून १६०० चा वेग धरता येतो : ४८० + १२८ = ६०८ मिमी. तुम्ही कर्टन ६२० वर बसवून ड्रिल मारून टाकला. साइटवर ग्राहकाने जड टूल लावले आणि वेळ ०.३५ झाला, की लागते ६८८ मिमी. तुमचा कर्टन ६८ मिमी जवळ आहे, आणि प्रेस व्यवस्थित चालतोय म्हणून कोणाला शंकाही येत नाही. उपाय : ग्राहकाच्या सर्वांत जड टूलवर, तेल चालू तापमानाला आल्यावर, स्टॉप-टाइम मीटरने दहा वेळा मोजा आणि त्यातला सर्वांत वाईट आकडा धरा. कर्टनच्या ब्रॅकेटला आधीच स्लॉट ठेवा.

तिसरे, होज. एकाच मापाच्या दोन होज शेजारी असतील तर कधीतरी अदलाबदल होणारच, आणि सिलिंडर उलट्या दिशेने जाईल. चुकीची जोडणी मुळात शक्यच होऊ नये, अशी डायरेक्टिव्हची अपेक्षा आहे. म्हणून फिटिंगची मापे वेगळी ठेवा. कागदी टॅग तेलाने गळून पडतात, तेव्हा होज आणि पोर्ट दोन्हींवर एकच क्रमांक ठोकलेली धातूची पट्टी लावा. होजच्या तोंडाला लावलेले प्लास्टिक प्लग मोजून पाठवा आणि साइटवर तेवढेच काढलेले मोजून घ्या. पंपाच्या ड्रेन लाइनमध्ये एक राहिला तर शाफ्ट सील उडते.

बाकी थोडक्यात : फेजचा क्रम तपासा, चुकला तर मोटर उलटी फिरते. इमर्जन्सी स्टॉपचे प्रत्येक बटण वेगळे दाबा. सेफ्टी पीएलसीचा चेकसम (प्रोग्राम बदलला की बदलणारी संख्या) शॉपच्या नोंदीशी जुळतो का पाहा. जुळला नाही तर प्रोग्राम कोणी बदलला ते कळेपर्यंत स्टार्ट देऊ नका. गार्डचे स्क्रू गार्डलाच अडकून राहतील असे हवेत. सुटे असले की आठपैकी दोनच परत बसतात.

प्रश्न : नेमप्लेटवर वर्ष कोणते घालायचे? माल डिसेंबरमध्ये निघतो, उभारणी मार्चमध्ये होते.

उत्पादन पूर्ण झाले ते वर्ष. शॉपमध्ये पूर्ण जोडून तपासलेला प्रेस असेल तर शॉपचे. जे यंत्र पहिल्यांदाच साइटवर पूर्ण उभे राहते, त्याचे उभारणी संपली ते वर्ष. सीई खूण लावताना वर्ष पुढे-मागे करण्यास स्पष्ट मनाई आहे. दुसऱ्या प्रकारात नेमप्लेट साइटवरच लावणे सोपे.

प्रश्न : अ‍ॅक्युम्युलेटर आणि लाकडी पेट्यांबाबत काय काळजी घ्यावी?

अ‍ॅक्युम्युलेटरची (नायट्रोजनच्या दाबाखाली तेल साठवणारी टाकी) तेलाची बाजू पूर्ण मोकळी करा, पण नायट्रोजन आतच राहतो हे लक्षात असू द्या. प्रवासाच्या नियमांत अशा वस्तू साधारणतः यूएन ३१६४ या धोकादायक मालाच्या क्रमांकाखाली येतात. सूट मिळते की नाही हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती एजंटाने अंदाजाने भरायची नाही, ती तुम्ही द्यायची. लाकडाला आयएसपीएम-१५ (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये यासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक) चा शिक्का हवा. उष्णता पद्धत वापरली असेल तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे. प्लायवूड त्यातून सुटते, पण त्याखालचे साधे लाकडी रनर सुटत नाहीत, आणि पेटी बंदरात अडकते ती बहुधा त्याच रनरमुळे.