मुलगी बडोद्याच्या म्युझिक कॉलेजात व्हायोलिन शिकतेय, पुढे स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये करिअर होईल का?
होईल, पण आत्ताच्या शिक्षणाच्या जोरावर नाही. क्वार्टेट म्हणजे चार तंतुवाद्यांचा पाश्चात्त्य संच, त्यासाठी पाश्चात्त्य व्हायोलिन वेगळं शिकावं लागेल. सूरसागरकाठच्या आपल्या कॉलेजात (1886 ची सयाजीरावांची गायनशाळा ती हीच) भर हिंदुस्थानी वादनावर: मांडी घालून, वाद्याचं टोक पायावर टेकवून, तारा सा-प लावून. क्वार्टेटला खुर्चीत बसून, वाद्य हनुवटीखाली धरून, जी-डी-ए-ई तारांवर समोरचं नोटेशन वाचत वाजवायचं असतं. मी दोन्ही पद्धती शिकवतो. गजाचा हात बऱ्यापैकी कामी येतो, डावा हात मात्र नव्याने घडवावा लागतो, कारण मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याची) सवय झालेलं बोट स्वरावर थेट न पडता घसरत जातं. शिवाय क्वार्टेटमध्ये कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून वादकांना इशारे देणारा, नसतो. दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो, चौघांनी एकमेकांच्या श्वासावर सुरुवात करायची. ही सवय एकट्याच्या रियाजातून लागत नाही. पोटापाण्याचं म्हणाल तर निव्वळ क्वार्टेटवर जगणारे परदेशातही थोडेच. बाकीचे ऑर्केस्ट्रा आणि शिकवण्या करतात. आपल्याकडे मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, 2006 पासून. मात्र तिला रागसंगीतात खरी गोडी असेल, तर क्वार्टेटपायी हे कॉलेज सोडायला लावू नका.