वेकसर्फिंगची बोट: विकत की तासावर?

प्रश्न: आम्ही ऑस्टिनला राहतो. गेल्या उन्हाळ्यात लेक ट्रॅव्हिसवर दोनदा वेकसर्फिंग केले आणि घरात सर्वांनाच गोडी लागली. 1,20,000 डॉलरची नवी बोट 20 टक्के रोख भरून, उरलेले कर्ज काढून घ्यावी का? चालकासह भाड्याची बोट तासाला 300 डॉलरला पडते. मी नोकरीशी जोडलेल्या एच-1बी व्हिसावर आहे.

उत्तर: या खेळात बोर्ड स्वस्त आणि लाट महाग असते. बोटीला बांधलेला दोर धरून बोर्डवर उभे राहायचे आणि मग तो सोडून बोटीमागच्या लाटेवर राहायचे असल्याने सर्फर बोटीच्या अगदी जवळ असतो. म्हणून पंखा तळाखाली असलेली इनबोर्ड बोट लागते, आणि मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली जुनी स्वस्त बोट हा काटकसरीचा मार्ग मी कधीच सुचवणार नाही.

96,000 डॉलरचे कर्ज 8 टक्क्यांनी 15 वर्षांसाठी धरले, तर वर्षाचे हप्ते सुमारे 11,000 डॉलर होतात आणि पाच वर्षांनंतरही जवळपास 75,600 डॉलर फेडायचे उरतात. टेक्ससचा 6.25 टक्के कर, म्हणजे 7,500 डॉलर, विमा, बोट ठेवण्याचे भाडे आणि मोठ्या लाटेसाठी टाक्यांत पाणी भरून मुद्दाम जड केलेल्या बोटीचे पेट्रोल यांचा खर्च वेगळा. शिवाय ट्रेलरसह तिचे वजन अडीच-तीन टनांच्या घरात जाते. घरची गाडी ते ओढू शकते का हे आधी पाहा, नाहीतर बोटीपाठोपाठ ट्रकही घ्यावा लागेल.

याउलट उन्हाळ्यात दहा वेळा दोन-दोन तास भाड्याने गेलात, तर 6,000 डॉलर लागतील, आणि दुसरे कुटुंब सोबत आले तर तुमच्या वाट्याला निम्मेच येतील. दुष्काळात लेक ट्रॅव्हिस इतका आटतो की बोट उतरवण्याचे धक्के बंद पडतात. हप्ता मात्र चालूच राहतो.

मला खरी काळजी व्हिसाची वाटते. नोकरी गेल्यास नवी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साधारणपणे जास्तीत जास्त 60 दिवस हाती असतात. तेवढ्यात, तेही हिवाळ्यात, बोट विकावी लागली आणि किंमत कर्जापेक्षा कमी आली, तर फरक तुमच्या बचतीतून जाईल.

म्हणून यंदा फक्त कोस्ट गार्डची मान्यता असलेली, अंगाला नीट बसणारी लाइफ जॅकेट घ्या आणि रोख भरायचे 24,000 डॉलर बचत खात्यातच राहू द्या. सलग दोन उन्हाळे प्रत्येकी 40 तासांहून अधिक पाण्यावर गेले आणि ग्रीन कार्ड हाती आले, तर वापरलेल्या इनबोर्ड बोटीचा हिशेब आपण पुन्हा मांडू.