नव्या गाडीवरचा ओरखडा: पॉलिशला होकार देण्याआधी

प्रश्न: पाडव्याला नवी मोटरसायकल घेतली. हार-नारळ होऊन गाडी घरी यायला रात्र झाली. सकाळी उन्हात पाहिलं तर टाकीच्या उजव्या बाजूला बोटभर ओरखडा आणि पुढच्या ब्रेक लिव्हरचं टोक घासलेलं. शोरूमवाले म्हणतात, ‘घेऊन या, पॉलिशने जाईल. नाहीच गेलं तर इन्शुरन्समध्ये करून देऊ.’ काय करावं?
– एक वाचक, कराड

उत्तर: पॉलिशला लगेच हो म्हणू नका. पॉलिशबरोबर पुरावाही पुसला जातो, आणि तुमच्या बाबतीत तो महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही खुणा एकाच बाजूला आहेत. त्याच बाजूच्या आणखी चार जागा बघा: हँडलचं टोक, फूटरेस्टचं टोक, मागच्या ब्रेकचं पेडल आणि सायलेन्सरची बाहेरची कड. यातल्या एक-दोन जागीही घासल्याची खूण असेल तर गाडी ट्रकमध्ये किंवा गोदामात उजवीकडे आडवी झाली असण्याची दाट शक्यता आहे. आरसे बहुधा शोरूममध्येच बसवतात, त्यामुळे ते कोरे आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका.

गाडी पडलेली असेल तर प्रश्न फक्त रंगाचा राहत नाही. सपाट रस्त्यावर ३०–४०च्या वेगाने सरळ चालवा. गाडी सरळ जात असताना हँडल एका बाजूला कललेलं दिसलं, तर एक तर हँडल वाकलंय किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) टी-स्टेममध्ये, म्हणजे ते दांडे हँडलखाली जखडणाऱ्या पकडीत, पिळला गेलाय. नुसता पीळ असेल तर बोल्ट सैल करून तो काढता येतो, पण तसं केल्याची नोंद जॉबकार्डावर हवीच. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून ते टाकीला टेकत नाही ना, तेही तपासा.

आता कागद. आजच ओरखड्यांचे जवळून आणि लांबून फोटो काढा. चासी नंबर आणि किलोमीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असे दोन फोटो वेगळे घ्या. सेल्समनला व्हॉट्सअ‍ॅप करून भागत नाही. डीलरच्या व्यवस्थापकाला ईमेल करा आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पाठवा. त्यात बिलाची तारीख, चासी नंबर, किलोमीटर, खराब झालेल्या भागांची यादी आणि तुमची मागणी लिहा. डिलिव्हरीपूर्व तपासणीच्या चेकलिस्टची प्रतही मागा. डिलिव्हरीच्या कागदावर ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ अशी तुमची सही असणारच. म्हणून उशीर जितका जास्त, तितकी तुमची बाजू लंगडी.

मागणी काय करायची? नोंदणी झालेली गाडी बदलून मिळणं फार अवघड. त्या हट्टापायी महिने जातात. लिव्हर नवा आणि टाकी नवी, ही मागणी रास्त आहे. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो वरच्या क्लिअर कोटच्या (रंगावरच्या पारदर्शक थराच्या) खाली उतरलेला असतो आणि पॉलिशने जात नाही. तिथे टचअप केला तर रंगाचा डाग कायम दिसत राहतो. रंगीत टाकी यायला वेळ लागू शकतो. तोवर गाडी शोरूममध्ये अडकवून ठेवू नका. ‘टाकी मागवली आहे’ असं लेखी घ्या आणि गाडी वापरा. टाकी बदलताना टाकीतल्या इंधन पंपाचं किंवा पेट्रोलच्या कॉकचं सील नवं बसवायला सांगा आणि टाकी भरून गळती तपासूनच गाडी ताब्यात घ्या.

विम्याच्या सल्ल्याला मात्र ठाम नकार द्या. डिलिव्हरीआधीचं नुकसान ही डीलरची जबाबदारी आहे. ते तुमच्या पॉलिसीवर टाकायचं म्हणजे न झालेला अपघात लिहून द्यायचा. शिवाय पहिल्या नूतनीकरणाला मिळणारा २० टक्के नो-क्लेम बोनसही जातो. डीलर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करा. त्यानेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच: मुदत दोन वर्षं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही.

प्रश्न: मॅट काळ्या टाकीवर किल्लीच्या जुडग्याचे बारीक ओरखडे उठलेत. रबिंग कंपाउंड लावू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अजिबात नको. मॅट रंगाचा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. कंपाउंडने तो गुळगुळीत होतो आणि तिथे चकचकीत पट्टा उमटतो, जो परत मॅट करता येत नाही. आधी सौम्य शाम्पूने धुऊन पाहा. पुष्कळदा ती जुडग्याच्या धातूची काळपट रेघच असते. तरी राहिले तर तसेच राहू द्या, आणि जुडगा काढून एकच किल्ली वापरा.

प्रश्न: दसऱ्याला गाडी घ्यायची आहे. आधी काय बघू?
– एक वाचक, लातूर

उत्तर: मुहूर्ताच्या गर्दीत, मंडपाच्या दिव्यांखाली काही दिसत नाही. म्हणून नोंदणीची प्रक्रिया सुरू होण्याआधी, दिवसाउजेडी जाऊन तुमच्याच चासी नंबरची गाडी बघा. ती कोरडी असू द्या. पाणी किंवा स्प्रे पॉलिश लावलेल्या टाकीवर बारीक ओरखडे लपतात. टॉर्च तिरका धरून टाकी, मडगार्ड आणि बाजूची पॅनेल पाहा. टाकीच्या झाकणाभोवतीच्या रबरावर रंगाचे कण दिसले, तर तो भाग पुन्हा रंगवलेला असू शकतो. अशी गाडी नाकारून दुसरा चासी नंबर मागायची वेळ हीच आहे.