रॉक मासिकाचा पहिला अंक मांडताना

रॉक संगीताच्या नव्या मासिकाचा पहिला अंक कसा मांडावा, असे तुम्ही विचारले आहे. ब्रिटनमधील मीडिया स्टडीजच्या (माध्यमांच्या अभ्यासाच्या) अभ्यासक्रमात रूढ असल्याप्रमाणे तुम्ही मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एका लेखाची समोरासमोरची दोन पाने एवढेच काम घेतले आहे, हे योग्यच आहे. प्रथम वाचक ठरवा. ‘तरुण रॉकप्रेमी’ हे उत्तर फार ढोबळ आहे. सोळा वर्षांचा, नुकतीच गिटार घेतलेला, खिशात मोजकेच पैसे असलेला वाचक डोळ्यांपुढे आणला, की भाषा आणि किंमत दोन्ही ठरू लागतात. १९८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केरँग!’ या ब्रिटिश रॉक नियतकालिकाची मुखपृष्ठे नीट पाहा: पान गच्च भरलेले असूनही नजर आधी चेहऱ्याकडे जाते.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- चार-पाच फॉन्ट वापरणे. दोन पुरतात.
- काळ्यावर गडद लाल बारीक मजकूर, जो पडद्यावर शोभतो पण छापल्यावर वाचवत नाही.
- इंटरनेटवरून उचललेली छायाचित्रे. छायाचित्रे स्वतः काढलेली असणे ही अशा अभ्यासक्रमात बहुधा अटच असते. मित्राला साध्या भिंतीसमोर उभे करून, प्रकाश एका बाजूने घेऊन, थेट कॅमेऱ्याकडे पाहायला सांगा.

छपाईच्या रंगपद्धतीचा विचार (तो विषय किचकट आहे) तूर्त बाजूला ठेवा आणि आधी कागदावर पेन्सिलीने कच्चा आराखडा काढा.