पॅनल फुटलेला एलईडी टीव्ही भंगारात द्यावा की सुटे भाग काढून विकावेत?

आतले बोर्ड चालू असतील तर आधी ते काढून विका, उरलेला सांगाडा भंगारात द्या. टीव्हीत सगळ्यात महाग पॅनलच. तो फुटला की दुरुस्ती सहसा परवडत नाही. पण मेन बोर्ड, पॉवर सप्लाय, टी-कॉन (पॅनलला चित्राचे सिग्नल देणारा छोटा बोर्ड) आणि बॅकलाइटच्या, म्हणजे पॅनलला मागून उजेड देणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या दुरुस्तीवाल्यांना हव्याच असतात. माझं कामच हे आहे. आम्ही बोर्डावर छापलेला नंबर जुळवून माल घेतो, म्हणून त्याचा आणि मागच्या मॉडेल-स्टिकरचा फोटो आधी काढून ठेवा. भंगारवाला सगळं किलोवर तोलतो, आणि तांबं म्हणाल तर जुन्या डब्बा टीव्हीइतकं यात निघतच नाही. पॅनलमागची जाड ॲक्रिलिक शीट मात्र फेकू नका, फोटोसाठी लाइटबॉक्स करायला झकास.

उघडण्याआधी दोन गोष्टी:
- प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) काही वेळ भरलेला राहतो, शॉक बसू शकतो. हात लावू नका.
- सेट जुना, जाडसर एलसीडी असेल तर बॅकलाइटला बारीक काचेच्या नळ्या असतात आणि त्यांत पारा असतो. तो न उघडता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्या, पैसे कमी मिळाले तरी.