लिलावातला गाळा आणि उरलेले पंच्याहत्तर टक्के

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

शाहूपुरीतला गाळा बँकेच्या लिलावात मिळाला म्हणून पेढे वाटलेस आणि आठवड्यात कळलं, की आत भाडेकरू आहे आणि घरफाळाही थकलाय. आता ‘बाकीचे पैसे भरत नाही, कोर्टात जातो’ म्हणतोस. असं अजिबात करू नकोस.

आधी तारीख बघ. विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत बोलीच्या रकमेचे उरलेले ७५ टक्के भरायचे असतात. मुदतवाढ बँकेच्या लेखी संमतीनंच मिळते, तीही जास्तीत जास्त ३ महिन्यांपर्यंत. ‘बघू, साहेबांशी बोलतो’ याला काडीची किंमत नाही. तारीख चुकली की भरलेले २५ टक्के जप्त. बँकेचं तेवढं नुकसानच झालं नाही, मग सगळी रक्कम का घेता, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०२४ मध्ये निकाल बँकेच्या बाजूनं लागला.

आता लिलावाची नोटीस काढ. ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ वाचून लोक हातपाय गाळतात. पण बँकेला माहीत असलेले बोजे, म्हणजे त्या मालमत्तेवरची देणी आणि इतरांचे हक्क, नोटिशीत लिहिणं सरफेसी कायद्याखालच्या (बँकेला थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्ता विकू देणारा कायदा) नियम ८(६) प्रमाणे तिच्यावर बंधनकारक आहे. ताबा ‘सांकेतिक’ लिहिलाय की ‘प्रत्यक्ष’, ते बोट ठेवून वाच. सांकेतिक म्हणजे दारावर नोटीस चिकटवली, आतला माणूस आतच. मग भाडेकरार गहाणाआधीचा की नंतरचा, नोंदणी झालीय का, आणि बँकेच्या मूल्यांकन अहवालात भाडेकरूचा उल्लेख आहे का, हे शोध. माझ्या मते तुझी बाजू या अहवालावरच उभी राहील किंवा पडेल. बँकेला ठाऊक असून लपवलं असेल, तर भांडायला जागा आहे. बोली जास्त लागली, एवढ्यावर कुणी दाद देणार नाही.

दिवाणी कोर्टाची वाट याच सरफेसी कायद्याचं कलम ३४ अडवतं. अर्ज पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, ४५ दिवसांच्या आत. आपल्याकडं कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच २०२५ मध्ये आलं खरं, पण हा मार्ग मोकळा असताना तिथं रिट याचिका (थेट उच्च न्यायालयाकडं मागितलेली दाद) सहसा ऐकून घेत नाहीत.

उद्याच बँकेला पत्र दे: भाडेकरूची माहिती, मूल्यांकन अहवालाची प्रत आणि मुदतवाढ, तिन्ही माग. पोच घे, शिक्का आणि तारीख स्पष्ट दिसली पाहिजे. आणि वडिलांना अजून सांगितलं नसशील तर आज रात्रीच सांग. उरलेल्या रकमेची जुळणी तुला एकट्याला झेपायची नाही, आणि ती तयार ठेवूनच भांडायचं आहे.