तेच तेच वाजवणाऱ्याच्या कंटाळ्याचं हसू का येतं?

एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या वादकाचा कंटाळा छोटा विनोदी चित्रपट कसा दाखवतो, आणि तो बघताना आपण स्वतः का कंटाळत नाही, असा तुमचा प्रश्न आहे. मी सिनेमावाला नाही. कोल्हापुरात तबल्याच्या पोरांना पेटीवर लेहरा धरतो, म्हणजे ते तबला वाजवतात तेव्हा तालाच्या मापाची एकच धून पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. म्हणजे प्रश्नातल्या कंटाळ्याशी माझी चांगली ओळख आहे.

नेमका हाच विषय असलेला एक फ्रेंच लघुपट आहे, पात्रिस लकोंतचा. 1992 सालचा, आठेक मिनिटांचा. नावाचा अर्थ 'बोलेरोचा ड्रमवाला'. फ्रेंच संगीतकार मोरिस राव्हेलची 'बोलेरो' ही 1928 ची रचना. तीत स्नेअर ड्रमवाल्याला (शाळेच्या बँडमध्ये गळ्यात अडकवून काठ्यांनी वाजवतात, त्याच जातीचा ड्रम) 24 टोल्यांचा एकच तुकडा दिलाय आणि तो 169 वेळा वाजवायचाय. वरची धून बासरीकडून क्लॅरिनेटकडे, तिथून बासून नावाच्या फुंकवाद्याकडे अशी हातोहात फिरते. ड्रमवाल्यापर्यंत काही ती पोचत नाही.

लकोंतने काय केलं, तर ऑर्केस्ट्रा सोडून बहुतेक वेळ कॅमेरा याच माणसाच्या तोंडासमोर धरला. नट जाक व्हिलरे. संवाद नाहीत. हात कामावर आणि चेहरा रजेवर, ही सगळी गंमत. डोळे भटकतात, गाल हलतात, नको नको ते चेहऱ्यावर उमटतं आणि खाली काठ्या मात्र घड्याळासारख्या चालू. ताल बदलत नाही म्हणून चेहऱ्यावरची बारीकशी हालचालसुद्धा मोठी घटना वाटते. त्यात संगीत सतत फुगत जातं, वाद्यं वाढतात, आवाज चढतो. कानाला मिरवणूक आणि डोळ्याला हा बिचारा. म्हणूनच आपल्याला कंटाळा येत नाही, तो एकट्याच्याच वाट्याला जातो. बरं, मूळ रचना साधारण पंधरा मिनिटांची, लघुपट त्याच्या निम्मा. एवढी लबाडी चालायची.

पण मला विचाराल तर नुसत्या कंटाळ्याला कुणीच हसत नाही. एसटीची वाट बघणाराही कंटाळलेलाच असतो. इथे माणसाला उठता येत नाही आणि चुकताही येत नाही, हसू त्याचं येतं.

माझंच सांगतो. मंगळवार पेठेत गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम होता. एका मुलाचं एकलवादन, तीनताल, मी चंद्रकंस रागातला लेहरा धरलेला. पेशकार हा सुरुवातीचा भाग संपून कायदा हा पुढचा भाग सुरू झाला आणि डास नाकाच्या शेंड्यावर येऊन बसला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. मी खालचा ओठ पुढे काढून वर फुंकर मारली. डास उडाला आणि परत तिथेच. मी परत फुंकर मारली, ती नेमकी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. पहिल्या रांगेतल्या दोन पोरी तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या आणि तबल्यावरच्या मुलाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. कार्यक्रम झाल्यावर त्याचे गुरुजी म्हणाले, "हात ब्येस चाललं हुतं रं तुझं, पर तोंड कशाला वाजवत हुतास?"

घरी आल्यावर सहज हिशेब केला. 16 मात्रा, सेकंदाला एक मात्रा धरली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, 16 सेकंदांचं. पाऊण तासात 168 भरतात. म्हणजे त्या फ्रेंच गड्याची आणि माझी जवळजवळ बरोबरीच! (त्याचा तुकडा छोटा, पण तेवढं सोडा.) फरक इतकाच की आमच्याकडे वादन पुढे जाईल तशी लय वाढते, रेला या जलद भागापर्यंत बोटांना जाग येते. राव्हेलला लय वाढलेली चालायची नाही. 1930 मध्ये ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या तोस्कानिनीने 'बोलेरो' जलद घेतली तेव्हा राव्हेल नाराज झाला होता. ड्रमवाल्याला फक्त आवाज वाढवायची परवानगी.

आणि खरं सांगू का, वाजवताना दरवेळी कंटाळा येतोच असं नाही. पहिली दहा मिनिटं जड जातात. मग हात आपोआप चालतात आणि मी तबला ऐकायला लागतो. कंटाळा येतो तो घरी रियाझाला, समोर तबला नसतो तेव्हा. स्वयंपाकघरातून आई विचारते, "दुसरं काय येत न्हाई व्हय रं तुला?"

असं काही तुम्ही इथे चित्रित करणार असाल तर एकच विनंती. एकलवादनाला कॅमेरा लेहरेवाल्यावर लावा आणि कितीही मोह झाला तरी तबल्याकडे वळवू नका. त्या गुरुपौर्णिमेचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, चाळीस मिनिटांचा. डास नाही, फुंकर नाही. कोपऱ्यात माझा डावा हात तेवढा दिसतो, भाता मारताना.